सहीपुरती मालकीण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका मैत्रिणीने फ्लॅट घेतला, त्याच्या दस्तावर साक्षीदार म्हणून सही करायला मी दस्तनोंदणीच्या कार्यालयात गेले होते. तिथे नंबर लागेपर्यंत ताटकळत बसायचं, मग फोटो, अंगठ्याचा ठसा, सही. आमच्या बाकावर साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. काठपदराचं नवं लुगडं, हातात पिशवी. थोड्या अंतरावर त्यांचे दोन भाऊ, एक भाचा आणि वकील उभे होते.

मी विचारलं, "मावशी, कशाचा दस्त आहे?"

"हक्कसोड. भावांची जमीन बिल्डरला द्यायचीय. माझी सही लागती म्हणाले."

"भावांची? की वडिलांची?"

त्या हसल्या. "बापाची म्हंजे भावांचीच की, ताई."

जमीन किती, ती कुठल्या भावाने जाणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माहेर बाणेरच्या बाजूला, सासर मुळशी तालुक्यात. सकाळी भाऊ गाडी घेऊन न्यायला आले होते. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गाडी आली दारात," असं त्या कौतुकानं सांगत होत्या. नवं लुगडं त्याच दिवशी मिळालं होतं.

इकडे माझी मैत्रीण एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर होत होता. मला आनंद झाला होता, पण तिनंच तो कमी केला. "अगं, बाईच्या नावावर घेतला की मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो. हे म्हणाले, सध्या तुझ्या नावावर घेऊ, पुढे बक्षीसपत्र करून माझ्या नावावर करता येईल." करारनामा तिने वाचला नव्हता. पान उलटायचं आणि खूण केलेल्या जागी सही करायची, असं चाललं होतं.

एकाच बाकावरच्या दोघी. एकीने सही करून मालमत्ता सोडली, दुसरीने सही करून ती घेतली, आणि दोघींनाही आपण कशावर सही करतोय हे विचारावंसं वाटलं नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

विद्यापीठाच्या भोवतालची जमीन

गणेशखिंडीतल्या जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यात १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा भोवती शेतीच होती. पलीकडे पाषाणला १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली. औंध, बाणेर, बालेवाडी, पाषाण ही गावं होती. ज्वारी, भाजीपाला, गुरं. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, १९९७ साली बाणेर-बालेवाडी महापालिकेत आली, पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. मग या पट्ट्यातल्या जमिनीचं सोनं झालं. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला गेला, २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडलाही गेला. एवढ्या काळात शेतांच्या जागी बारा-बारा मजल्यांच्या इमारती आल्या.

घराच्या जाहिरातीत 'विद्यापीठापासून दहा मिनिटांवर' असं अजूनही छापतात. शिकलेली वस्ती, झाडी, शांतता, सुरक्षितता असा त्याचा अर्थ. आपल्यापैकी कितीतरी जणी याच कारणासाठी या भागात राहायला आल्या, मीही त्यातली. पण ही सुरक्षितता कुणाच्या सहीवर उभी आहे आणि तिच्यात कुणाला जागा आहे, हे आपण फारसं विचारत नाही.

कायद्याने बहिणीला बोलावलं

महाराष्ट्राने १९९४ साली पहिलं महिला धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला. मात्र २२ जून १९९४ च्या आधी ज्यांची लग्नं झाली होती त्या मुलींना त्यातून वगळलं होतं. म्हणजे माझ्या शेजारी बसलेल्या मावशींना त्या वेळी काही मिळालं नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची ही अट गेली. वडील २००५ मध्ये हयात असायला हवे होते की नाही, यावर पुढे पंधरा वर्षं कोर्टात वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहतात.

याचा एक परिणाम मी तरी आधी लक्षात घेतला नव्हता. आता जमीन घेणाऱ्या बिल्डरचा वकील सातबारा आणि फेरफार काढून बघतो आणि विचारतो, बहिणी किती? त्यांच्या सह्या आणा. पूर्वी बहिणीचं नाव वारसनोंदीत लावतच नसत, किंवा 'इतर हक्कात' कुठेतरी ढकलून देत. आता तिच्यावाचून व्यवहार पुढे जात नाही. कायद्याने बहिणीला कचेरीपर्यंत आणलं खरं, पण तिथे ती येते ती हक्क सोडण्यासाठी.

हा हक्क सोडायला लागतं तरी काय? वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा तर मुद्रांक काही शे रुपयांचाच लागतो. पुण्यात तीच जमीन इमारत होऊन फ्लॅटच्या रूपाने विकत घ्यायची तर पुरुषाला सात टक्के आणि बाईला सहा टक्के मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ज्या मातीत तिचा वाटा होता तिथे त्या मावशींच्या नातीला उद्या दोन खोल्या घ्यायच्या म्हटल्या तर आयुष्यभराचं कर्ज काढावं लागेल.

"भाऊ तुटतील" ही भीती खोटी नाही, आणि तिची चेष्टा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. सासरी मारहाण झाली, नवरा गेला, दुखणं आलं की बाई जाते कुठे? माहेरी. तो दरवाजा उघडा राहावा म्हणून ती वाट्याचं पाणी सोडते. तो तिने उतरवलेला विमाच असतो म्हणा. पण या विम्याचा दावा करायची वेळ आलेल्या बायका आपल्या सल्ला केंद्रात येतात, तेव्हा काय दिसतं? भाऊ म्हणतो, "चार दिवस राहा, पण वहिनीला त्रास नको." ज्या घरासाठी तिने सही दिली, त्या घरात ती पाहुणी असते.

हक्क सोडूच नका असं मी म्हणत नाही. भावाची परिस्थिती खरंच हलाखीची असेल आणि बहीण समजून-उमजून देत असेल तर तो तिचा निर्णय. पण जमीन किती, किंमत किती, आपला हिस्सा किती, हे कळल्यावरच तिने काय ते ठरवावं. हक्कसोड मोबदला घेऊनही करता येते आणि तो मोबदला दस्तात लिहिता येतो, हे तिला कुणी सांगत नाही. एकदा दस्त नोंदला गेला की फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, आणि त्याला वर्षं जातात.

एक टक्क्याची लक्ष्मी

आता मैत्रिणीची गोष्ट. २०२१ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात बाईने, किंवा सगळ्या खरेदीदार बायकाच असतील तर त्यांनी, राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नव्वद लाखांच्या घराला नव्वद हजार वाचतात. सुरुवातीला अशी अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. बाईला आपलं घर हवं त्याला विकता यायला हवं, हे खरंच. पण आमच्या मैत्रिणीच्या यजमानांसारख्यांचीही त्यामुळे सोय झाली.

यात आणखी एक अडचण आहे. नवरा-बायको दोघांच्या नावे घर घेतलं तर ही सूट मिळत नाही. म्हणजे जे जोडपं खरोखर दोघांचं घर म्हणून घेतं त्याला सवलत नाही, आणि जो कागदापुरतं बायकोचं नाव लावतो त्याला आहे. संयुक्त नावालाही सवलत द्या, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

तरीही मैत्रिणीला मी म्हटलं, "नाव कुठल्याही कारणाने लागलेलं असू दे, आता ते सोडू नकोस." हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिची असते. नवरा गोडीगुलाबीने बक्षीसपत्र मागेल, त्या दिवशी सही करायची की नाही हे तिच्या हातात आहे. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, सोसायटीचा भागदाखला, कर्जाची कागदपत्रं या सगळ्यांच्या प्रती तिने स्वतःजवळ ठेवायला हव्यात. कपाटाची किल्ली कुणाकडे असते यावरून घराचा मालक कोण हे कळतं, असा माझा अनुभव आहे.

आणि मृत्युपत्र. हा शब्द काढला की बायका "काही अभद्र बोलू नका" म्हणतात. त्यासाठी एका खटल्याची हकिगत सांगते. एका मुलीचं लग्न झालं आणि तीनच महिन्यांत नवरा वारला. सासरच्यांनी तिला घालवून दिलं. आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरी करू लागली, तिने स्वतःच्या कमाईतून पुंजी जमवली. मृत्युपत्र न करता ती वारली. ज्यांनी तिला बाहेर काढलं होतं त्या सासरची माणसं वारस म्हणून पुढे आली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. कारण कायदाच तसा आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू बाईला नवरा-मुलं नसतील तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांना जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. पुरुषाच्या मिळकतीत आईचा हक्क पहिल्या रांगेत असतो. हे कलम बदलायलाच हवं, पण ते बदलेपर्यंत दोन साक्षीदारांसमोर सही केलेला साधा कागदही आपली इच्छा राखू शकतो. सोसायटीत नॉमिनीचं नाव लावलं की झालं, असं समजू नका. नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालकी वारसाची किंवा मृत्युपत्रात नाव असेल त्याची.

भाड्याची खोली

या उपनगरात घर विकत घेणाऱ्यांपेक्षा भाड्याने राहणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. विद्यापीठात शिकायला मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या मुली, प्रयोगशाळांतल्या संशोधक, परिचारिका, घटस्फोटित आणि विधवा बायका. या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं गेलं. मुलींना शिकवते म्हणून सावित्रीबाईंना जोतीरावांबरोबर सासऱ्यांचं घर सोडावं लागलं होतं. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाशेजारी, शिकते म्हणून आलेल्या मुलीला खोली मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका घटस्फोटित कार्यकर्तीबरोबर मी आठ घरं पाहिली. प्रश्न ठरलेले: मिस्टर काय करतात? रात्री किती वाजता येता? कोण कोण भेटायला येतं? आडनाव काय? 'नॉनव्हेज' करता का? शेवटचे दोन प्रश्न खरं तर एकच असतात. जातीचं नाव न घेता जात विचारायची ती पद्धत आहे. मुसलमान मैत्रिणींना तर फोनवर नाव सांगितल्याबरोबर "जागा गेली" असं उत्तर मिळतं. एका सोसायटीच्या सचिवांनी आम्हाला सांगितलं, "आमच्याकडे फॅमिलीलाच देतात." ती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी ही फॅमिली नव्हती.

भाड्याने राहणाऱ्या मैत्रिणींनी दोन-तीन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने केली नाही, तर अटींबद्दल वाद झाल्यास भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने तसं नाही हे सिद्ध केलं तरच गोष्ट वेगळी. सोसायटीला घर भाड्याने दिल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि लग्न झालेलं नसणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही. पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जातं कोण? ज्यांच्या नावावर घर आहे ते, म्हणजे बहुतेक पुरुष. ज्या बायकांच्या नावावर घर आहे त्याही "हे जातील" म्हणून घरी बसतात. बाई म्हणून घेतलेल्या एक टक्क्याची परतफेड करायची असेल तर त्या सभेला जाऊन एकट्या मुलीच्या बाजूने हात वर करावा.

घर असून बेघर, आणि आपली शंका

या इमारतींमधली भांडी-धुणी करणाऱ्या बायका औंध रस्त्यालगतच्या इंदिरा वसाहत, कस्तुरबा वसाहत अशा वस्त्यांतून येतात. पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली संप करून संघटना उभी केली, आपल्या चळवळीचा तो मोठा वारसा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याचा नियम आहे. हा नियम चळवळीने रेटल्याशिवाय झालेला नाही. एका बाजूला विद्यापीठात शिकवणारी माझी मैत्रीण, जिला आपल्या नावाचं महत्त्व वाटत नाही. दुसऱ्या बाजूला तिच्याकडे काम करणाऱ्या बाई, ज्यांनी मला बजावून सांगितलं, "ताई, कागदावर माझं नाव पयलं पाहिजे. दारू प्यायला की तो म्हनतो, नीघ माझ्या घरातनं. मंग मी कागद दाखवीन."

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ मध्ये लागू झाला, तेव्हापासून बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मान्य केलं. हा मोठाच आधार आहे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. लग्नानंतर दोघांच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या घरात बायकोचा निम्मा वाटा, असा कायदा शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून आहे. तिथे बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर विकता येत नाही. त्या कायद्यातही उणिवा आहेत, पण ही गोष्ट शक्य आहे एवढं तरी त्याने दाखवलं आहे. घटस्फोटाच्या वेळी पत्नीला वाटा देणारं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत ते झालंच नाही.

आपल्या बैठकीत या विषयावर नेहमी एक शंका निघते. खासगी मालमत्तेतूनच बाईची गुलामी आली, मग आपण बायकांना मालकीण बनवायला निघायचं का? मध्यमवर्गीय बायकांच्या फ्लॅटसाठी चळवळीने का झटावं? शंका प्रामाणिक आहे, पूर्वी मीही ती काढायची. बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या अभ्यासाने माझं मत बदललं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्या बायकांपैकी ४९ टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होतं. निघून जायला जागा आहे हे बाईला ठाऊक असतं आणि नवऱ्यालाही ठाऊक असतं, तेव्हा उगारलेला हात थांबतो. आपण वर्षानुवर्षं मारहाणीच्या केसेस हाताळतो, पण 'तुझ्या नावावर काय आहे?' हा प्रश्न पहिल्या भेटीच्या फॉर्मवर कितीजणी लिहितो?

शेतकरी महिलांनी हे आपल्या आधी ओळखलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. शहरातल्या, विद्यापीठाशेजारच्या आपण मात्र अजून लाजतो.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटाने रक्षाबंधन ते भाऊबीज या काळात हक्कसोडपत्रावर एक बैठक घ्यावी. बहिणींना तेव्हाच माहेरची बोलावणी येतात, कागदही तेव्हाच पुढे येतात. सातबारा आता घरबसल्या मोबाइलवर बघता येतो, तो कसा वाचायचा हे तरुण मुलींनी मावश्यांना शिकवावं. आपल्यापैकी प्रत्येकीने येत्या वर्षात स्वतःचं मृत्युपत्र करावं, सुरुवात मी केली आहे. आणि संयुक्त नावाला सवलत, वारसा कायद्याच्या पंधराव्या कलमात बदल आणि लग्नानंतरच्या मिळकतीत निम्मा वाटा या तीन मागण्या सगळ्या संघटनांनी मिळून पुढे न्याव्यात.

त्या दिवशी मावशींचा नंबर आमच्या आधी लागला. उठताना त्यांनी मला विचारलं, "ताई, सही करू की अंगठा?" चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंना सही येत होती. मी म्हटलं, "सहीच करा मावशी." वाचून करा, असं म्हणायला हवं होतं. भाऊ उभे होते, वकील उभे होते, आणि मी गप्प बसले. ती चूक माझी. तुमच्यापैकी कुणी अशा वेळी बोलली असेल, बहिणीचा वाटा मिळवला असेल किंवा वाटा मागून माहेर गमावलं असेल, तर जरूर लिहा. पुढच्या वेळी त्या बाकावर आपल्यापैकी कुणीतरी असेल, तेव्हा काय बोलायचं हे आधी ठरलेलं हवं.